बंगल्याच्या फाटकाला व्हिडिओ डोअर फोन: वायर ओढण्यापासून लॉक उघडेपर्यंत

व्हिडिओ डोअर फोनचं खोकं उघडलं की आत बाहेरचं युनिट, घरातला मॉनिटर, एक अडॅप्टर, थोडे स्क्रू आणि जेमतेम काही मीटर वायर निघते. दोन वस्तू भिंतीला टांगायच्या आणि चार वायरी जोडायच्या, एवढंच काम दिसतं. नुसतं चित्र दिसायला तेवढं पुरतंही. पण हॉलमधून बटण दाबलं आणि फाटक उघडलंच नाही, ही या कामातली नेहमीची तक्रार आहे, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसतं. वायरची जाडी, लॉकला मिळणारी वीज आणि फाटकाची झुकलेली बिजागरी, या तिघांपैकी कुठेतरी ते सापडतं. म्हणून या लेखात चित्रापेक्षा लॉकवर जास्त जागा खर्ची घातली आहे.

ज्यांनी घरातली छोटी इलेक्ट्रिकची कामं केली आहेत, मल्टिमीटर हातात धरता येतो, पण डोअर फोन कधी बसवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनाही उपयोग होईल. एक मर्यादा आधीच सांगतो: १२ व्होल्टची बाजू तुम्ही स्वतः करू शकता, पण त्यासाठी २३० व्होल्टचा नवा पॉइंट काढायचा असेल तर तो परवानाधारक वायरमनकडूनच काढून घ्या. तो पॉइंट एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

उदाहरणासाठी एक घर धरू. रस्त्याला लोखंडी फाटक, त्याच्या खांबावर बाहेरचं युनिट, हॉलमध्ये एक मॉनिटर, फाटकाला इलेक्ट्रिक लॉक. फाटकापासून मॉनिटरपर्यंत वायर ज्या वाटेने जाईल तिची लांबी २५ मीटर. नाशिक, सातारा किंवा रत्नागिरीकडच्या बहुतेक बंगल्यांना आणि रो-हाउसना हे माप थोड्याफार फरकाने लागू पडतं.

कोणती पद्धत घ्यावी

बाजारात मुख्यतः तीन पद्धती मिळतात. पहिली चार वायरींची अ‍ॅनालॉग: एका वायरीतून पॉवर, एक ग्राउंड, एकीतून आवाज, एकीतून चित्र. स्वस्त, समजायला सोपी, आणि बिघाड झाला तर मल्टिमीटरने माग काढता येतो. दुसरी दोन वायरींची: एकाच जोडीतून वीजही जाते आणि सिग्नलही. जुन्या बेलची दोनच कोअरची वायर भिंतीत गाडलेली असेल आणि नवी झिरी मारायची नसेल तर हिला तोड नाही. पण हिचा वीजपुरवठा आणि जोडणीचे डबे त्याच कंपनीचे लागतात, दुसऱ्या कंपनीचं काहीही चालत नाही. तिसरी आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारी: कॅट-६ केबल, पीओई स्विच (त्याच केबलमधून वीजही देणारा नेटवर्क स्विच), आणि एका केबलला १०० मीटरची मर्यादा. अनेक मजल्यांच्या इमारतीला किंवा घरात आधीपासून नेटवर्कचं जाळं असेल तिथे ही उत्तम.

पहिलंच काम असेल तर चार वायरींची घ्या. इथून पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे, पण लॉकचे नियम तिन्ही पद्धतींना सारखेच.

खरेदी करताना एक गोष्ट पक्की करा. बाहेरचं युनिट आणि मॉनिटर वेगवेगळे घेत असाल तर दोघांचा व्हिडिओचा प्रकार जुळला पाहिजे. बाहेरचं युनिट एएचडी ७२०पी किंवा १०८०पी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा नवा सिग्नल देत असेल आणि मॉनिटर फक्त जुना सीव्हीबीएस सिग्नल ओळखत असेल, तर वायरिंग अगदी बरोबर असूनही पडदा काळा राहतो. काही मॉनिटरच्या मेनूत हा प्रकार बदलता येतो. त्यामुळे पडदा काळा दिसला तरी माल परत करण्याआधी तिथे बघा.

आधी फाटक, मग वीज

विजेचं लॉक फाटक ओढून घेत नाही. ते फक्त जीभ सोडतं. फाटक झुकलं असेल, जीभ खाचेत घासत असेल, तर कितीही चांगला वीजपुरवठा दिला तरी ते अडकणारच. म्हणून एकही वायर ओढण्याआधी फाटक हाताने उघडून-मिटून बघा. एका बोटाच्या ढकलण्याने ते बंद होऊन लॉकची जीभ बसली पाहिजे आणि किल्लीने सहज सुटली पाहिजे. बसत नसेल तर वेल्डरला बोलावून बिजागरी सरळ करून घ्या. हा खर्च ग्राहकाला आवडत नाही, पण तो टाळला की पुढच्या सगळ्या तक्रारी वायरिंगच्या माथी येतात.

लॉकचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण तिघांची वायरिंगची रीत वेगळी.

लोखंडी फाटकाला बहुधा डब्यासारखं इलेक्ट्रिक लॉक लावतात. याला १२ व्होल्टचा एक झटका लागतो. झटका मिळाला की आतली स्प्रिंग सुटते, जीभ आत जाते आणि फाटक उघडून परत मिटेपर्यंत लॉक मोकळं राहतं. झटका क्षणाचाच, पण त्या क्षणाला ते १ ते ३ अँपिअर करंट मागतं. याला सतत वीज दिली तर कॉइल जळते. म्हणून मॉनिटर किंवा बाहेरच्या युनिटमध्ये लॉकची वेळ १ ते २ सेकंदच ठेवायची. लाइट गेली तरी हे बंदच राहतं आणि किल्लीने उघडतं, हा याचा मोठा फायदा.

लाकडी दाराच्या चौकटीत बसतं ते इलेक्ट्रिक स्ट्राइक. दाराचं नेहमीचं लॅच जिथे अडकतं तो भाग विजेने सैल होतो. करंट कमी लागतो, साधारण अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर.

तिसरं मॅग्नेटिक लॉक, म्हणजे विद्युतचुंबक आणि लोखंडी पट्टी. २८० किलो धरण्याच्या क्षमतेचं लॉक १२ व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर सतत घेतं. वीज असेपर्यंत बंद, वीज गेली की उघडं. ऑफिसच्या काचेच्या दाराला हे योग्य, कारण आग लागली तर माणसं आत अडकत नाहीत. रस्त्यावरच्या फाटकाला मात्र मी ते सुचवत नाही. बॅटरी संपली की फाटक सताड उघडं, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नाही. लावायचंच असेल तर बॅटरी बॅकअपचा पॉवर सप्लाय हवाच. ७ अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या अँपिअरला कागदावर १४ तास चालते, प्रत्यक्षात १० धरा, आणि जुनी झाल्यावर आणखी कमी.

वायर किती जाड

पाइप लांब आणि बारीक असला की शेवटच्या नळाला धार राहत नाही, तसंच इथे आहे. वायर जितकी लांब आणि बारीक, तितके टोकाला व्होल्ट कमी पोचतात. किती कमी, हे अंदाजाने ठरवू नका. गणित अगदी साधं आहे.

तांब्याच्या लवचीक वायरचा रोध दर मीटरला साधारण असा असतो: ०.५ चौरस मिलिमीटरला ०.०३९ ओहम, ०.७५ ला ०.०२६, १ चौरस मिलिमीटरला ०.०१९५, १.५ ला ०.०१३३, आणि २.५ ला ०.००८. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. आपल्या घरात २५ मीटर, म्हणजे हिशोबाला ५० मीटर.

आता बाहेरचं युनिट घ्या. ते ०.३ अँपिअर घेतं असं धरू. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा एकूण रोध १.९५ ओहम. त्याला ०.३ ने गुणलं की ०.६ व्होल्ट पडले. १२ पैकी ११.४ पोचले, युनिट मजेत चालेल. त्याच वायरीवर २ अँपिअरचं लॉक जोडलं तर ३.९ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. लॉकला मिळाले ८.१. लॉक नुसतं ‘टक’ असा आवाज करेल आणि उघडणार नाही. वर त्या क्षणी बाहेरच्या युनिटलाही तेवढेच व्होल्ट मिळतात, म्हणून चित्र थरथरतं किंवा युनिट बंद पडून पुन्हा चालू होतं.

लॉकसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वेगळी जोडी टाकली तर रोध ०.६६५ ओहम होतो, २ अँपिअरला १.३३ व्होल्ट पडतात आणि १०.७ पोचतात. बऱ्याच लॉकना एवढं पुरतं. २.५ चौरस मिलिमीटर टाकली तर ११.२ पोचतात आणि काळजीच मिटते. उन्हात तापलेल्या वायरचा रोध आणखी थोडा वाढतो. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात भर उन्हातल्या पाइपमधून वायर जात असेल तर एक माप वरचं घ्या.

म्हणून माझा ठाम नियम: डोअर फोनची केबल वेगळी, लॉकची जोडी वेगळी, आणि लॉकचा पॉवर सप्लायही वेगळा. मॉनिटरसोबत आलेला अडॅप्टर मॉनिटर आणि बाहेरच्या युनिटसाठी असतो. कंपनीच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच त्यावर लॉक चालवा. लॉकसाठी १२ व्होल्ट, ३ ते ५ अँपिअरचा चांगला सप्लाय घ्या.

दुकानात केबल घेताना ब्लेडने कोअर खरवडून बघा. आतून पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि टर्मिनलखाली दाबलं की ते तुटतं. वरचं सगळं गणित शुद्ध तांब्याचं आहे.

घरात कॅट-६ केबल आधीच टाकलेली असेल तर ती चार वायरींच्या फोनलाही वापरता येते, फक्त जोड्या नीट लावाव्या लागतात. व्हिडिओ आणि ग्राउंड एका पिळाच्या जोडीत, ऑडिओ आणि ग्राउंड दुसऱ्या जोडीत. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एकीचे दोन्ही कोअर एकत्र करून पॉवर, दुसरीचे एकत्र करून ग्राउंड. ऑडिओ आणि व्हिडिओ एकाच जोडीत कधीही घालू नका, आवाजात गुणगुण येते. लॉक मात्र या केबलवर चालवायचं नाही. तिचे कोअर पाव चौरस मिलिमीटरच्याही आसपास असतात.

अंगणातून वायर नेताना

अंगण खणायचं तर दीड फूट खोल खणा आणि २५ मिलिमीटरचा जाड पाइप टाका. वळणावर काटकोनी एल्बो वापरू नका, लांब बेंड घ्या, नाहीतर वायर ओढताना तिथेच अडकते. पाइपला एका बाजूला किंचित उतार असू द्या, म्हणजे आत जमणारं पाणी निघून जातं. वायरींबरोबर एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा. पुढे घरमालकाला फाटकावर दिवा किंवा कॅमेरा हवासा वाटतोच, तेव्हा ती दोरी कामी येते. दोनचार जास्तीचे कोअरही आत्ताच टाका. वायरचे पैसे थोडे, खणण्याचे जास्त.

पाइपची दोन्ही तोंडं सिलिकॉनने किंवा फोमने बंद करा. घुशी वायर कुरतडतात, आणि मुंग्या पाइपमधून थेट बाहेरच्या युनिटच्या आत जाऊन घर करतात. पालींना तर तिथली ऊब आवडतेच.

२३० व्होल्टची वायर आणि डोअर फोनची केबल एकाच पाइपमध्ये घालायची नाही. यात जिवाचा धोका आहे: आत कुठे वायर सोलली गेली तर फाटकावरच्या बटणाला मेनची वीज येऊ शकते. शिवाय चित्रावर आडवे पट्टे फिरत राहतात. दोघांच्या वाटा समांतर असतील तर एक फूट अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

मधे सांधे नकोत. नाइलाज असेल तर सांधा जमिनीखाली न ठेवता भिंतीवरच्या जोडणीच्या डब्यात घ्या, आणि जेल भरलेले कनेक्टर वापरा. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेने उघडं तांबं एका पावसाळ्यातच हिरवं पडतं. नुसती पीळ आणि वर इन्शुलेशन टेप ही तिथे तात्पुरती सोयसुद्धा होऊ शकत नाही.

टेबलावर आधी जोडून बघा

भिंतीला भोक पाडण्याआधी सगळा संच टेबलावर मांडा. मीटरभर वायरींनी बाहेरचं युनिट, मॉनिटर, लॉकचा सप्लाय आणि लॉक जोडा. बटण दाबा, चित्र बघा, बोला, लॉक उघडा. इथे जे चालतं ते भिंतीवर चाललं नाही तर दोष वायरीत आहे, हे तुम्हाला आपोआप कळतं. हा अर्धा तास नवशिक्यांनी कधीही वाचवू नये.

रंगांवर विसंबू नका. लाल पॉवर आणि काळा ग्राउंड हे बहुतेक ठिकाणी खरं असतं, पण पांढरा, पिवळा, निळा यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. टर्मिनलवर छापलेलं वाचा. पॉवर आणि ग्राउंड उलटे लागले तर बाहेरचं युनिट जळू शकतं. ऑडिओ-व्हिडिओ उलटे लागले तर सहसा काही जळत नाही, फक्त चित्र येत नाही आणि स्पीकरमधून घरघर ऐकू येते. जोडणी झाली की फोनवर फोटो काढून ठेवा.

बाहेरचं युनिट: उंची, ऊन, पाऊस

कॅमेऱ्याची भिंग जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवतात. त्या उंचीला उभ्या माणसाचा चेहरा नीट येतो. खांबाची पायरी, बाहेरचा रस्ता आतल्या अंगणापेक्षा खाली आहे का, हे बघून माप पाहुणा जिथे उभा राहतो तिथून घ्या. अंगणाच्या बाजूने माप घेतलं आणि रस्ता फूटभर खाली असला, की पडद्यावर फक्त कपाळं दिसतात.

आपल्याकडे पूर्वेकडे तोंड असलेली घरं खूप. तिथे फाटकावरचा कॅमेरा सकाळच्या उन्हाकडे बघत असतो, आणि दूधवाला, पेपरवाला, कामाला येणाऱ्या बाई, सगळ्यांची वेळ तीच. पाहुण्याच्या मागे सूर्य असला की चेहऱ्याच्या जागी काळी सावली उरते. उपाय तीन: युनिटच्या मागे तिरकी पट्टी लावून ते थोडं बाजूला वळवा, वर छोटं छज्जं द्या, किंवा डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवण्याची सोय) असलेला कॅमेरा घ्या. यापैकी पहिला सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेसा. रात्री दिवा पाहुण्याच्या मागे न लावता युनिटच्या वरच्या बाजूला लावा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो.

पावसासाठी युनिटचा दर्जा आयपी ६५ असेल तर उत्तम (हा आयपी नेटवर्कचा नव्हे, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा), पण तो आकडा मागच्या भोकाला लागू नाही. पाणी समोरून शिरण्यापेक्षा मागून, भिंतीतून येतं. युनिटच्या वरच्या आणि दोन्ही बाजूच्या कडांना सिलिकॉन भरा आणि खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत शिरलेलं पाणी आतच राहतं. केबल भोकातून येते तिथे तिला खाली झुकलेला एक वळसा द्या, म्हणजे थेंब त्या वळशाच्या तळाशी गळून पडतो आणि टर्मिनलपर्यंत चढत नाही.

खांब जांभ्याचा असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. जांभा पाणी पितो, म्हणून युनिटच्या पेटीच्या मागची खाच सिमेंटच्या वॉटरप्रूफ गिलाव्याने बंद करून मगच पेटी बसवा. आणि साधा रावळ प्लग जांभ्यात सैल होतो, तिथे लांब प्लग घ्या किंवा आधी लोखंडी पट्टी बसवून तिला युनिट जोडा. काळ्या दगडाचा खांब असेल तर उलट अडचण: प्लग घट्ट धरतो, पण भोक पाडायला हॅमर ड्रिल आणि धीर दोन्ही लागतं. जमलं तर दगडांमधल्या सांध्यात भोक घ्या.

मॉनिटर आणि लॉकची जोडणी

मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला, मध्य दीड मीटरवर. घरात व्हीलचेअरवरची व्यक्ती किंवा बहुतेक वेळ बसून असणाऱ्या आजी असतील तर तो १.२ मीटरवर आणा. उभं राहणाऱ्याला थोडं वाकावं लागतं, ते चालतं. दिवसभर घरी असणाऱ्या माणसालाच हा फोन सर्वांत जास्त उचलावा लागतो, तेव्हा जागा त्यांना विचारून ठरवा. मॉनिटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लोडशेडिंगमध्ये बेलच वाजली नाही तर सगळं काम फुकट.

आता लॉक. मॉनिटरचं बटण दाबल्यावर लॉकची वीज जोडतो किंवा तोडतो तो रिले; तो बाहेरच्या युनिटमध्ये किंवा मॉनिटरच्या बाजूला असतो. रिलेला तीन टर्मिनल असतात: कॉम (सामाईक), एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी तुटलेलं, बटण दाबल्यावर जुळणारं. एनसी त्याच्या उलट. डब्याच्या लॉकला आणि नेहमीच्या स्ट्राइकला वीज फक्त उघडताना हवी, म्हणून कॉम आणि एनओ. मॅग्नेटिक लॉकला वीज सतत हवी आणि उघडताना तुटायला हवी, म्हणून कॉम आणि एनसी.

डब्याच्या लॉकची जोडणी अशी. लॉकच्या सप्लायचा प्लस निघतो तो रिलेच्या कॉमला. रिलेच्या एनओवरून वायर जाते लॉकच्या एका टर्मिनलला. लॉकचं दुसरं टर्मिनल सरळ सप्लायच्या मायनसला. बस, एवढंच. रिले इथे फक्त स्विचचं काम करतो, स्वतः वीज देत नाही. आतून बाहेर जाण्यासाठी पुश बटण हवं असेल तर ते कॉम आणि एनओला समांतर जोडा. पण ते बटण दाबून धरलं तर लॉकला वीज सतत मिळते आणि कॉइल तापते. लहान मुलांच्या घरात युनिटला एक्झिट बटणासाठी वेगळं टर्मिनल असेल तर तेच वापरा, म्हणजे वेळ रिले ठरवतो.

रिलेच्या संपर्काची क्षमता वाचा. काही युनिटमध्ये ती १ अँपिअरच असते आणि लॉक २ मागतं. संपर्क काही दिवसांत चिकटतात आणि लॉकला वीज सतत मिळून तेही जळतं. अशा वेळी मधे १२ व्होल्टचा १० अँपिअर क्षमतेचा वेगळा रिले घाला.

डीसीवर चालणाऱ्या डब्याच्या लॉकच्या दोन टर्मिनलवर १एन४००७ हा डायोड उलटा जोडा. त्याची चंदेरी पट्टी असलेली बाजू प्लसकडे. कॉइलची वीज तुटताना उलटा झटका येतो, तो हा डायोड गिळतो आणि रिलेचे संपर्क वाचतात. डायोड लॉकजवळच लावायचा. लॉक एसीवर चालणारं असेल तर डायोड लावू नका, सरळ शॉर्ट होईल. मॅग्नेटिक लॉकमध्ये संरक्षण बहुतेक वेळा आतच असतं आणि वरून डायोड लावला तर दार सुटायला उशीर होतो, म्हणून तिथे माहितीपत्रकाप्रमाणे चला.

सुरक्षेचा एक मुद्दा बरेच जण विसरतात. रिले बाहेरच्या युनिटमध्ये असेल तर लॉकच्या दोन वायरी रस्त्याच्या बाजूला, चार स्क्रूंच्या मागे असतात. कोणी युनिट काढून त्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की फाटक उघडलं. मॉनिटरच्या बाजूने लॉक चालवायची सोय असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, किंवा रिले घरात ठेवणारा सुरक्षित मॉड्यूल कंपनी देत असेल तर तो लावा. दोन्ही शक्य नसेल तर युनिटला खास पान्याचे स्क्रू वापरा आणि रात्री फाटकाचा कोयंडा आतून लावायची सवय घरच्यांना सांगा.

वीज लावण्याआधी आणि नंतर

सप्लाय चालू करण्याआधी मल्टिमीटरने पॉवर आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. मग सप्लाय चालू करून बाहेरच्या युनिटच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, तेही कॉल चालू असताना. रिकाम्या वायरीवर मोजलेले १२ व्होल्ट काहीच सांगत नाहीत. तसंच लॉकवर, दुसऱ्या माणसाला मॉनिटरचं बटण दाबायला सांगून, लॉक ओढत असतानाचे व्होल्ट वाचा. साधा मल्टिमीटर एवढ्या कमी वेळात स्थिर आकडा देत नसेल तर चाचणीपुरती लॉकची वेळ २ सेकंद ठेवा. १०.५ च्या खाली आकडा आला तर वायर किंवा सप्लाय बदला, चालतंय म्हणून सोडू नका. आज कसंबसं उघडणारं लॉक पावसाळ्यात गंज धरला की उघडणार नाही.

डोअर फोन मोबाइल अ‍ॅपवर चालणारा असेल तर कंपनीने दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि नवा घरमालकाच्या हातून टाकून घ्या, तुम्ही टाकू नका. बरीच युनिट फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर अ‍ॅप जोडणी नाकारतं. कॅमेऱ्याची दिशाही तपासा: आपलं फाटक आणि समोरचा पाहुणा दिसला की पुरे, शेजाऱ्यांच्या खिडकीत तो डोकावत नाही ना, हे मॉनिटरवर स्वतः बघा. फ्लॅटमध्ये तर समोरचं दार चार-सहा फुटांवर असतं. तिथे आधी समोरच्यांशी बोलून घेणं बरं, आणि सोसायटीच्या डक्टमधल्या वायरींना परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

काही बिघाड आणि त्यांच्या जागा

चित्र आहे, आवाज नाही, किंवा उलट: त्या एकाच कोअरचं टर्मिनल सैल आहे किंवा कोअर तुटला आहे. जास्तीचा कोअर टाकला असेल तर त्यावर बदलून बघा.

बोलताना शिट्टी वाजते: बाहेरच्या स्पीकरचा आवाज कमी करा. तरीही वाजत असेल तर युनिटच्या मागची पेटी पोकळ राहिली आहे का बघा. स्पीकरचा आवाज मागून फिरून माइकमध्ये शिरत असतो. थोडा फोम भरला की थांबतं.

चित्रावर आडवे पट्टे वर सरकतात: मेनची वायर जवळून जाते आहे, किंवा अडॅप्टर खराब झाला आहे. आधी दुसरा अडॅप्टर लावून बघा, ते सोपं.

लॉक उघडताना चित्र जातं: लॉक आणि युनिट एकाच सप्लायवर आहेत. वर सांगितल्याप्रमाणे वेगळे करा.

फाटक कोरड्या दिवसांत उघडतं आणि पावसात अडतं: आधी लॉकची जीभ आणि बिजागरी बघा, त्यांना ग्रीस लावा. मग लॉकचं झाकण काढून टर्मिनल तपासा. हिरवट थर दिसला तर वायर इंचभर कापून नवं टोक काढा, लग (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून लावा आणि वर ग्रीसचा पातळ हात फिरवा. कोकणात हे काम दरवर्षी मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी करून घ्यावं. मराठवाडा-विदर्भात त्याच सुमारास वळवाच्या विजा कडाडतात. अंगणातून गेलेली लांब केबल तो झटका पकडते, तेव्हा तिथे मॉनिटरच्या आणि लॉकच्या अशा दोन्ही सप्लायना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे असा झटका अडवणारं उपकरण लावा.